पिकू दे, मग काढू

विलासराव चांदोरकरांना आमच्या सोसायटीत सगळे दूरदृष्टीचा माणूस म्हणतात. हे बिरुद त्यांना दिलं कोणी, तर त्यांनी स्वतःच. नोएडात शेतं होती आणि लोक नाकं मुरडत होते तेव्हा त्यांनी इथे फ्लॅट बुक केला, ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की आता ती शेतं मलाही आठवायला लागली आहेत. त्यांची बायको अलकनंदा माझी मैत्रीण. आमची दारं समोरासमोर. मला लिहायचं आहे ते अलकाबद्दल, पण तिच्याबद्दल काही सांगायला गेलं की आधी हे गृहस्थ मध्ये येतात. तिच्या आयुष्यातही तसंच झालं.

अलका एका सरकारी प्रसिद्धी खात्यात चित्रकार होती. नोकरीभर तिने साबणाने हात धुणारी मुलं आणि लस टोचून घेणारी हसरी बाळं काढली. सरकारी चित्रात सगळ्या माणसांना एकच नाक पुरतं, असं ती म्हणायची. निवृत्त झाल्यावर तिने बाल्कनीला काचा लावून घेतल्या आणि तिथे स्वतःची चित्रं काढायला बसली. विषय एकच, करोल बाग, कारण तिचं लहानपण तिथे गेलेलं. लेहेंग्यांची दुकानं, गाड्यांची सीट कव्हरं, सोनाराच्या दुकानात रुसून बसलेल्या नवऱ्या मुली. कॅनव्हास असा गच्च भरलेला की बोट ठेवायला जागा नसे. आणि खरी गंमत कोपऱ्यांत असायची. एका कोपऱ्यात चपलेचा अंगठा तुटला म्हणून भिंतीला टेकून उभी राहिलेली बाई, दुसऱ्यात बायकोच्या पिशव्या सांभाळत जांभई देणारा इसम. “एवढं छान काढतेस आणि कडेला कशाला ढकलतेस?” असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, “मधलं काय, सगळ्यांनाच दिसतं गं. बघण्यासारखं असतं ते कडेला.” त्यानंतर बाजारात गेले की मीही कडेला बघायला लागले.

विलासराव एका मंत्रालयात हिंदीचे अनुवादक होते. इंग्रजी फाइल हिंदीत करायची, हे काम. दिल्लीतल्या मराठी मंडळींत त्यांच्या हिंदीचा केवढा दबदबा! वासरात लंगडी गाय शहाणी, दुसरं काय. रिक्षावाल्यालाही ते “कृपया” म्हणायचे आणि तो बिचारा मागे वळून बघायचा. पण घराबाहेर बोलायचं ते त्यांनीच, असा त्या घरचा कायदा होता. बँकेत, दवाखान्यात, दुधवाल्याशीसुद्धा. अलका दिल्लीतच वाढलेली, तिला हिंदी त्यांच्यापेक्षा सरस यायची, तरी ती शेजारी पर्स धरून बसायची.

अशीच ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बसली होती. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून गेले होते. डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करणारं औषध डोळ्यांत घातलं, तपासलं आणि सांगितलं, “काला मोतिया शुरू हो गया है. ये ड्रॉप्स डालिए, बंद मत कीजिएगा.” विलासराव म्हणाले, “जी, अवगत हुआ.” आणि उठलेच. पुढे काही विचारलं नाही, कारण विचारतो त्याला येत नसतं, असा त्यांचा समज.

मोतिया म्हणजे मोतीबिंदू, एवढं त्यांना येत होतं. मग काला का? तर काळा म्हणजे कच्चा. मोतीबिंदू पिकला की पांढरा होतो, तेव्हा जो अजून पांढरा झाला नाही तो काळा. घरी येऊन त्यांनी हे आम्हाला समजावून सांगितलं आणि सगळ्यांना पटलं. आमच्या पिढीने घरोघरी आज्यांचे मोतीबिंदू पिकवूनच काढलेले पाहिले होते. थोडे दिवस अलकाने थेंब घातले. मग म्हणाली, “अहो, फार चुरचुरतं.” विलासराव म्हणाले, “मग सोड. थेंबांनी उलट पिकायला उशीर लागत असेल. पिकू दे, मग काढू.” हीसुद्धा दूरदृष्टीच.

त्यांची मुलगी देवयानी गुरुग्रामला असते. एका रविवारी ती जेवायला आली होती आणि मीही पानावर होते. मोतियाचं ऐकून ती म्हणाली, “बाबा, कुठला मोतिया? काला वाला की सफेद वाला? आमच्या ऑफिसमधल्या एकीच्या मम्मीला काला वाला झाला होता. तो बिल्कुल वेगळा असतो, यार.”

“मोतीबिंदूत दोन जाती नसतात,” विलासराव म्हणाले. “आणि बापाला यार म्हणू नये. आधी मराठी सुधार.”

देवयानी लहानपणापासून मराठीत नापास. मोरीला बाथरूम आणि उंबऱ्याला दरवाज्याचा खालचा हिस्सा म्हणणारी. त्या घरात शब्दाची चूक निघाली की ती तिचीच असणार, हे ठरलेलं. ती “अच्छा, ठीक है” म्हणाली आणि कोशिंबीर वाढून घेतली. अलकाने दोघांकडे पाहिलं आणि पोळ्या वाढल्या.

त्यानंतर तिची चित्रं बदलली. मध्ये तीच गर्दी, तेच रंग, पण कडा ओस पडायला लागल्या. मी म्हटलं, “कोपऱ्यात कोणी नाही गं या वेळी?” तिने मान वळवून वळवून, घरात हरवलेली किल्ली शोधावी तसं ते चित्र पाहिलं. “राहिलं वाटतं,” म्हणाली, आणि ब्रश घ्यायला उठली. तेवढ्यात विलासराव आले. त्यांच्याबरोबर निधी नावाची मुलगी होती, लहानशी आर्ट गॅलरी चालवणारी, ओळखीतून आलेली. ती चित्रासमोर उभी राहिली आणि भारावून म्हणाली, “आंटी, ये ख़ाली किनारे! क्या विज़न है आपका!” विलासरावांनी लगेच अलकाच्या हातातला ब्रश काढून ठेवला. म्हणाले, “हात लावू नकोस. ही तुझी नवी दृष्टी आहे.”

प्रदर्शन झालं. लोक त्या रिकाम्या कडांसमोर उभे राहून माना डोलवत होते. कोणी त्यात मौन पाहिलं, कोणी महानगरातला एकटेपणा. विलासराव दाराशी उभे राहून एकेकाला सांगत होते, हिला मीच प्रोत्साहन दिलं. अलका नवी कोरी साडी नेसून खुर्चीवर बसली होती. बाजूने कोणी नमस्कार केला तर तिला कळत नव्हतं. कलावंत आहे, आपल्याच तंद्रीत असणार, असं लोक कौतुकाने म्हणाले.

मग एका सकाळी सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडताना बाजूने आलेली स्कूटर तिला दिसली नाही. हाताला खरचटलं, बाकी निभावलं. विलासराव म्हणाले, “पिकलेला दिसतोय. आता काढून टाकू.” मीही बरोबर गेले. डॉक्टर तेच होते. त्यांनी एक डोळा पाहिला, दुसरा पाहिला आणि विचारलं, “ड्रॉप्स कब से बंद हैं?”

“जी, हम इसके पकने की प्रतीक्षा कर रहे थे,” विलासराव म्हणाले.

डॉक्टरांनी हातातली बॅटरी खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, “अंकल, काला मोतिया पकता नहीं है. ये ग्लूकोमा है. किनारे से नज़र जाती है, और जो गई, वो वापस नहीं आती.”

ग्लूकोमा. म्हणजे आपल्या मराठीत काचबिंदू. हा शब्द विलासरावांना येत होता. इंग्रजीतला येत होता, मराठीतला येत होता, आणि ज्या हिंदीवर त्यांनी उभी नोकरी काढली त्या हिंदीतला तेवढा येत नव्हता. पेशवाईतला तो ‘ध’चा ‘मा’ निदान मुद्दाम तरी केलेला होता. ह्यांनी तो प्रामाणिकपणे केला, वर बायकोला आणि मुलीला दटावून केला. मला त्या माणसाचा संताप येतो. तो वाईट असता तर बरं झालं असतं, निदान मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या.

अलका तिथे रडली नाही. घरी येऊन बाल्कनीत गेली आणि चेहरा कॅनव्हासला चिकटवून त्या ओसाड कडांवरून इंच इंच सरकत राहिली. निधीचा फोन आला की अशीच आणखी चित्रं हवीत, लोक विचारत आहेत. अलका म्हणाली, “बेटा, वो विज़न नहीं था, बीमारी थी.” पलीकडची मुलगी हसली. तिला वाटलं, आंटी विनोद करत आहेत. त्यानंतर अलकाने चित्र काढलं नाही. देवयानी आली की आईजवळ बसते, बापाशी बोलत नाही. बोललीच तर मुद्दाम इंग्रजीत.

आता थेंब विलासराव स्वतः घालतात, डोळ्यांत तेल घालून वेळा सांभाळतात. गेलेलं येणार नाही, उरलेलं टिकवायचं. परवा मी आमटी द्यायला गेले तेव्हा ते तिच्या खुर्चीवर ओणवे झाले होते. एका हाताने तिची हनुवटी वर धरली होती, दुसऱ्या हातात बाटली. माणूस खचला आहे, नाही असं नाही. त्यांनी विचारलं, “अलका, मी दिसतोय ना गं तुला?”

“दिसताय की,” ती म्हणाली. “आता नुसते तुम्हीच दिसता.”