बाहेरची कडी

लग्नानंतर मी पुण्याहून बेंगळुरूला आले, ती पन्नासच्या दशकाच्या अखेरीस. यजमान सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, घर बसवनगुडीत. तिथल्या महिला मंडळानं देवळामागच्या छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, बेघर बायकांच्या रात्रीच्या निवाऱ्याची सोय केली होती. संध्याकाळी जेवण वाढायचं काम माझ्याकडे आलं.

एक पन्नाशीची बाई यायची आणि बाहेर ओट्यावरच बसायची. मी मोडक्या कन्नडमध्ये आत बोलावलं, तर ती चक्क मराठीत म्हणाली, "भात कोणी शिजवला?"

"आमच्या स्वयंपाकीणबाईंनी."

"मग आधी तू खा."

मी दोन घास खाल्ले. मग तिनं पान पुढे ओढलं, पण उंबरठा काही ओलांडला नाही.

ती इथल्याच एका मराठी शिंप्याची बायको. नवरा गेल्यावर दिरानं घर बळकावलं, शिवणयंत्रही ठेवून घेतलं. गाठोड्यात एक मोठी कात्री तेवढी उरली होती. ती पाहून माझ्या मनात पाल चुकचुकली. घरी सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "तिला इतर बायकांत झोपवू नकोस गं. कोण, कुठली, काय ठाऊक?"

एका संध्याकाळी थंडी फार होती. मी म्हटलं, "अक्का, आत चला."

तिनं दाराकडे बोट केलं. "कुलूप बाहेरून का लावता?"

"चोर येतात म्हणून."

"चोर बाहेरून येतो ना? मग कडी आतून पाहिजे."

मग तिनं सांगितलं. अशाच एका ठिकाणी ती झोपली होती. पहाटे कुलूप उघडलं, तर दाराशी पोलिसांची लॉरी. सगळ्यांना गावाबाहेर भिकाऱ्यांच्या कोंडवाड्यात नेऊन टाकलं. "मी शिवून खाते, भीक मागत नाही, सांगून सांगून थकले. कोण ऐकतो?"

मला ते खरं वाटेना. छत्राच्या राखणदाराला विचारलं, तर तो नजर चुकवून म्हणाला, "मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना विचारा." त्यांच्याकडे गेले. कॉफीचा पेला माझ्या हातात देत त्या सहज म्हणाल्या, "पोलिसांना शब्द दिलाय आपण. ते सांगतील त्या दिवशी दार त्यांच्यासमोर उघडायचं. शहर स्वच्छ नको का?"

कॉफी तशीच ठेवून मी उठले. दुसऱ्या दिवशी सुतार बोलावून बाहेरची कडी काढायला लावली, आत अडसर बसवला. अध्यक्षीणबाई कडाडल्या, "कुणाला विचारून?"

"कडी परत लावायची असेल तर लावा. पण मग कडी कशासाठी होती, ते मी बायकांना सांगेन."

कडी त्यांनी परत लावली नाही. माझ्याशी बोलायच्या मात्र बंद झाल्या. अक्कानं अडसर दोन-तीनदा सरकवून पाहिला, तेव्हा कुठे आत भिंतीला टेकून बसली. कितीतरी दिवस ती तशी बसूनच झोपायची.

पुढे तिला चिकपेटेच्या कापडबाजारात काजं-बटणांचं काम मिळालं. छत्रातल्याच एका बाईबरोबर तिनं खोली घेतली. नंतर बाजारात भेटली तेव्हा हसली, माझ्या पोलक्याची शिवण उलटून पाहिली. खोली कुठे आहे विचारलं, तर म्हणाली, "आहे इकडेच," आणि गर्दीत शिरली.