मधातला तुकडा

गोंडपिपरीच्या बसस्टँडमागं एक मिस्त्री बसतो. रेडिओ असो की मोटारीचा स्टार्टर, बिघडलेली वस्तू हाती आली की तो आधी तिचा वास घेतो, मग चष्मा लावतो.

धानात रानडुक्कर शिरलं की वाजणारा भोंगा त्यानं मला बनवून दिला. म्हणाला, "डुक्कर हेरणारा सेन्सर पाच व्होल्टवर बोलते, काकाजी. भोंग्याच्या बोर्डाले सव्वातीनच सहन होते. म्हणून दोघांच्या मधात हा तुकडा. याले हात लावू नका."

मी माझं लग्नसुद्धा मध्यस्थाशिवाय जमवलं. घरी येऊन तुकडा काढला, वायरीला वायर जोडली, वरून टेप गुंडाळली. बोर्ड जळला.

दुरुस्तीला नेला, तर दुकानात माझा व्याही बसलेला. मिस्त्रीचा मालच खराब, असं मी त्याला आठवडाभर सांगत होतो. मिस्त्रीनं बोर्ड हुंगला, चष्मा लावला अन् माझ्याकडं पाहिलं. माझे कान तापले.

"उंदरानं तुकडा काढून नेला," तो म्हणाला.

"अन् टेप बी उंदरानंच गुंडाळली का जी?" व्याही म्हणाला.

"धानाच्या बांधीतले उंदीर लय हुशार राह्यते, भाऊ."

त्यानं नवा बोर्ड बसवला, नवा तुकडा लावला अन् त्यावर गरम गोंद ओतला. "आता उंदीर पक्कड घेऊन आला तरी निघत नाई."

व्याही हसू लागला. मला राहवलं नाही.

"उंदीर वाईट नाई जी," मी म्हटलं. "त्याले वाटलं, मधात कोणाची गरज नाई."