उधन्याच्या गल्लीचा पासवर्ड

सुरतेच्या उधन्यातलं ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. आठवलं की चीड येते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सुरतेत इंटरनेट नवं होतं. इंटरनेट पुरवणाऱ्या एका कंपनीचा मालक माझ्याकडे पोलीस ठाण्यात आला. एका ग्राहकाच्या खात्यातून ढीगभर जाहिरातींचे ईमेल परदेशात जात होते, आणि तिकडचे लोक या कंपनीचे सगळेच ईमेल अडवू लागले होते. खातं होतं धुळ्याकडच्या एका माणसाचं. लूमवरचं काम सोडून त्याने कॉम्प्युटर घेतला होता. गल्लीतल्या छोट्या कारखानदारांची साडीची डिझाइनं तो व्यापाऱ्यांना ईमेलने पाठवायचा. घर त्यावरच चालायचं.

असल्या गुन्ह्याला तेव्हा धड कलमही नव्हतं. अर्जाची स्टेशन डायरीत नोंद केली, माग लागावा म्हणून खातं चालूच ठेवायला सांगितलं आणि त्याला चौकशीला बोलावलं. दम दिला, चहा पाजला. त्याचं एकच, "मी काहीच नही करं, साहेब." खोटं बोलणारा सबबी बदलतो. हा बदलेना.

तेवढ्यात मालकाचा फोन. "साहेब, हजी पण मेल जाय छे!"

मेल अजून जातच होते, आणि खातेदार तर माझ्यासमोर बसलेला! विचारलं, "पासवर्ड कोणाला माहीत आहे?"

"गल्लीमा समदासले. पीपी फोन देतस ना, तसा."

शेजाऱ्याचा फोन नंबर आपला म्हणून देणाऱ्या गल्लीने पासवर्डही तसाच वाटून घेतला होता. मी कपाळावर हात मारला.

इंटरनेटसाठी तेव्हा कंपनीला फोन लावावा लागायचा. ते मेल जात असताना फोन कुठून जोडला होता, ते टेलिफोन एक्स्चेंजने सांगितलं. मालकाच्याच मेव्हण्याच्या दुकानातून! गल्लीत कनेक्शनं बसवायला तोच जायचा. त्याने पहिल्या दमातच कबूल केलं. मालक धावत आला. "साहेब, घरनी वात छे," घरचीच गोष्ट आहे म्हणत अर्ज मागे घेतला. मेव्हणा समज देऊन सुटला.

नंतर मालकाने ग्राहकांच्या कॉम्प्युटरवरून थेट ईमेल बाहेर जाण्याची वाट, म्हणजे पोर्टच, बंद केलं. आता ईमेल फक्त कंपनीच्या मशीनमधून जाणार, आणि धुळ्याकडच्या त्या माणसाच्या बदनाम झालेल्या खात्याला तिथे मनाई. मी जाऊन भांडलो. "नियम तो बधाने सरखो," मालक म्हणाला. सगळ्यांना नियम सारखा म्हणे! आणि त्या मशीनवर देखरेखीला बसवला होता तोच मेव्हणा.

चोर पकडला की आपलं काम संपलं, असं मी तोवर मानत होतो. पुढे कधीच मानलं नाही. काही दिवसांनी तो माणूस कारखान्याच्या फाटकाशी भेटला. पुन्हा लूमवर लागला होता. नमस्कार करून म्हणाला, "चोर सापडी गया ना, साहेब? मंग मनं खातं कसाले बंद?"

मी जीपमध्ये जाऊन बसलो.