समीरच्या रायफलची नळी

२००४ साली माझं पोस्टिंग टेक्सासमधल्या एका तळावर होतं. मी सार्जंट घाटे, काम आर्मररचं, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करण्याचं. नागपुरातून ग्रीन कार्डावर आलो, शॉमबर्ग नावाच्या गावी एका ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसून पाठ आखडून घेतली आणि कंटाळून अमेरिकन सैन्यात भरती झालो. वडिलांनी नागपुरात कपाळावर हात मारला. मी मात्र आयुष्यात पहिल्यांदाच सुखात होतो.

आमच्या शॉपचं, म्हणजे वर्कशॉपचं, काम जरा निराळं होतं. निवडक नेमबाजांच्या रायफली आम्ही एकेक करून हाताने बांधायचो. सकाळी पीटी, मग शॉप, दुपारी नेमबाजीची रेंज. बांधलेली रायफल आधी आम्ही स्वतः तपासायची आणि मगच तिच्या मालकाच्या हातात द्यायची, हा नियम. एकदा आमच्या शॉपची रायफल झाली की शेवटपर्यंत तिची देखभाल आमच्याकडेच. नळी झिजली की ती बदलायला परत आमच्याच टेबलावर यायची.

सार्जंट समीर देवधर तिथेच भेटला. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये वाढलेला. त्याचं मराठी आईकडून आलेलं, म्हणजे जेवण, झोप आणि रागावणं एवढ्यापुरतं. बाकी सगळं इंग्रजी. मला दादा म्हणायचा. कंपनीतला सगळ्यात चांगला नेमबाज होता आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे आमच्या डोक्याला ताप होता. ट्रिगर तीनदा बदलून घेतला पठ्ठ्याने.

युनिटला इराकचे आदेश आले आणि त्याची रायफल बांधायला घेतली. गाडी बॅरलवर, म्हणजे नळीवर, अडली. दोन पर्याय होते. एक स्टेनलेस स्टीलची नळी. तिचा नेम अचूक, दमट हवेत गंजत नाही, पण लागोपाठ फार गोळ्या झाडल्या तर तापते आणि मागच्या तोंडाशी, गोळी नळीत शिरते तिथे, आतून तडकते. दुसरी साध्या क्रोम-मॉली पोलादाची, आतून क्रोमचा मुलामा दिलेली. नेम किंचित ढिला, पण उष्णता जास्त सोसणारी. समीर आठवडाभर या दोन नळ्यांमध्ये लटकला होता.

त्याचे वडील, देवधर काका, ह्यूस्टनच्या एका तेल कंपनीत मेटलर्जिस्ट, म्हणजे धातुतज्ज्ञ, होते. सगळं आयुष्य पाइपांच्या पोलादात गेलेलं. समीर इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडून सैन्यात भरती झाला, त्या दिवसापासून काका त्याच्याशी बोलत नव्हते. निरोप काकूंमार्फत जायचे. मी थट्टेत म्हटलं, घरात पोलादातला एवढा मोठा माणूस बसलाय आणि तू माझं डोकं काय खातोस? समीरने हात पुसले. मग त्याने शॉपचा फोन स्पीकरवर टाकला.

काकूंनी फोन घेतला. त्याने सांगितलं, बाबांना दे. पलीकडे फोन हातात घेतल्याचा आवाज आला.

"Baba, I have a steel question."

"बोल," काका म्हणाले.

मग दोघं पाऊण तास पोलादावर बोलले. कसा आहेस, बरा आहेस का, यातलं एक अक्षर नाही. काकांनी प्रश्नांवर प्रश्न विचारले आणि शेवटी निकाल दिला, स्टेनलेस घे. फोन ठेवल्यावर मी माझं मत सांगितलं. लागोपाठ फायर करायची वेळ आली तर क्रोमच बरी.

"बाबांनी सांगितलंय, दादा," समीर म्हणाला.

मी स्टेनलेस बसवली.

त्यानंतर दर रविवारी तो घरी फोन करायचा. कुठल्या अंतरावर गोळ्या किती जवळ पडल्या ते सांगायचा आणि काका मन लावून ऐकायचे. जायच्या आधीच्या रविवारी मी शेजारीच होतो. सगळे आकडे ऐकून झाल्यावर काकांनी विचारलं, "जेवलास का?" समीरने हो म्हटलं आणि फोन ठेवून बराच वेळ नुसता रायफल पुसत बसला. मला फार बरं वाटलं होतं तेव्हा. बापलेकांचं जुळलं असं मला वाटलं.

ते गेले. मी मागे राहिलो, कारण शॉप चालू ठेवायला माणूस लागतो. हिवाळ्यात एका सकाळी रेंजवर नव्या नळ्या तपासत होतो. रेंज सांभाळणाऱ्या टॉवरच्या रेडिओवर आवाज आला.

"टॉवर, सीझ फायर. सार्जंट घाटेंना ऑर्डरली रूमला पाठवा."

"रॉजर. कारण?"

"नुसतं पाठवा."

ऑर्डरली रूममध्ये, म्हणजे कंपनीच्या ऑफिसात, आमचा वरिष्ठ, फर्स्ट सार्जंट, उभाच होता. देवधर गेला, म्हणाला. ताफ्यावर हल्ला झाला. मी "येस, फर्स्ट सार्जंट" म्हटलं आणि रेंजवर परत जाऊन उरलेल्या नळ्या तपासल्या. दुसरं काही सुचलंच नाही.

घरी कळवायला अधिकारी गेला होता. समीर जागच्या जागी गेला, त्याला काही कळलंही नाही, असं त्याने काकूंना सांगितलं. त्याच्या हातातल्या कागदावर तेवढंच असेल, किंवा त्याला दया आली असेल. काकूंनी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं.

काही महिन्यांनी रायफल आमच्या टेबलावर आली. नळी बदलण्यासाठी. मी नळीच्या आतून बघायचा बोअरस्कोप आत घातला. मागच्या तोंडाशी पोलाद सगळं तडकलं होतं. भेगाळ जमिनीसारखं. जाताना ती नळी जवळजवळ नवी होती, माझ्याच हातची. एवढ्या भेगा दोनचार गोळ्यांनी पडत नाहीत. थांबायला सवड न मिळता, मॅगझिनवर मॅगझिन, बराच वेळ फायर करावा लागतो. त्याच्या स्क्वाड लीडरला मी फोन लावला. त्याने फार सांगितलं नाही. "समीर मागे राहिला, त्याने आम्हाला निघू दिलं, आणि मग त्याच्या बाजूचा आवाज थांबला." एवढंच. त्या रात्री मी रडलो.

उन्हाळ्यात शुगर लँडला गेलो. काकूंनी वाढलं. त्याला काही कळलं नाही रे, एवढंच समाधान, असं दोनदा म्हणाल्या. मी मान हलवली. जेवण झाल्यावर काकांनी मला गराजमध्ये नेलं. आत उकडत होतं. त्यांनी दार लावून घेतलं.

"रायफल आली का परत?"

"आली, काका."

"नळी कशी आहे?"

खोटं बोलायचं ठरवूनच आलो होतो. पण पोलाद ओळखणाऱ्या माणसाला पोलादाबद्दल काय थाप मारणार? मी भेगांचं सांगितलं. फोनवर कळलेलंही सांगितलं. काका खाली फरशीकडे बघत होते.

"तापल्यावर नेम फाकला असेल."

"हो."

"क्रोमची असती तर?"

"तीही तापली असती. जरा उशिरा."

"किती उशिरा?"

"माहीत नाही, काका. कुणालाच सांगता यायचं नाही."

त्यांनी मान हलवली. पुरावा अपुरा असला की इंजिनिअर हलवतो तशी. त्यांची त्यात चूक नव्हती, हे मी तेव्हा सांगितलं, पुढेही कितीदा सांगितलं. ते ऐकून घ्यायचे, पण पटलं नाही त्यांना.

"हिला सांगू नकोस," म्हणाले आणि दार उघडलं.

मी आणखी तीन वर्षं नोकरी केली आणि २००८ मध्ये बाहेर पडलो. दरवर्षी मेमोरियल डेला, म्हणजे शहीद सैनिकांच्या स्मरणदिनी, त्यांच्याबरोबर समीरच्या थडग्यावर जायचो. अस्थी तिथेच ठेवल्या आहेत. येणाऱ्याजाणाऱ्याला काकू सांगायच्या, एका क्षणात गेला, कळलंही नाही त्याला. मग काकांकडे बघायच्या. काका दरवेळी म्हणायचे, "हो, कळलं नाही त्याला." हे म्हणताना त्यांचं तोंड मी पाहिलं आहे. पुढच्या वर्षी जाऊच नये असं वाटायचं, आणि तरी जायचो.

गेल्या वर्षी काकू वारल्या. दिवस झाल्यावर काकांचा फोन आला. आवाज अगदी खोल गेला होता. आता लिही, म्हणाले. तिला सांगता आलं नाही, निदान लोकांना कळू दे.

म्हणून लिहितो. सार्जंट समीर देवधर एका क्षणात गेला नाही. तो शेवटपर्यंत लढत होता आणि त्याला सगळं कळत होतं.