कपाळावर कुंकू लावलेला फलंदाज

शेजारचे देसाई निवृत्त झाल्यापासून क्रिकेटपटूंची कार्डं जमवतात. कार्डाला बोट लावायचं नाही, कारण डाग पडला की किंमत उतरते. म्हणून ते चिमट्याने धरायचं आणि प्लास्टिकच्या पाकिटातूनच बघायचं. "छंद नाही हो, गुंतवणूक आहे," असं ते प्रत्येकाला बजावतात.

लक्ष्मीपूजनाला मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा पाटावर दागिने, पासबुक आणि त्यांचं सगळ्यात महागडं कार्ड मांडलेलं होतं. देवीपुढे प्लास्टिक बरं दिसत नाही म्हणून त्यांनीच ते पाकिटातून काढलं होतं. वहिनींनी रीतीप्रमाणे सगळ्याला हळदकुंकू लावलं. कार्डावरच्या फलंदाजाच्या तर बरोबर कपाळावर ओलं बोट टेकवलं.

देसाईंनी घाईघाईने चिमट्याने कार्ड उचललं. "आता हे कोण विकत घेणार?"

"पूजेतली लक्ष्मी कुणी विकतं का?" वहिनी म्हणाल्या.

मला माझ्या कपाटातली पैठणी आठवली. खराब होईल म्हणून तिची घडी मी अजून मोडलेली नाही.

परवा देसाई जिन्यात चिवडा खात भेटले. शर्टाच्या खिशातून त्यांनी ते कार्ड काढलं. "मनगट बघा कसं वळवलंय," म्हणत त्यांनी त्यावरून तेलकट बोट फिरवलं, अगदी सावकाश.