जांघेतून की पोटातून

आधी एक गाढवपणा कबूल करते. खोकलं, हसलं, बादली उचलली की माझी लघवी गळायची. तेच दाखवायला दवाखान्यात गेले आणि तपासणीच्या आधी संडासात जाऊन पार रिकामी होऊन आले. डॉक्टरीणबाईंपुढं घाण नको म्हणून. पन्नाशीतली मोठी शहाणी मी.

टेबलावर झोपवलं. भोवती पाच-सहा शिकाऊ डॉक्टर. मॅडम म्हणाली, "खाँसिए." खोकले. थेंब नाही. पुन्हा खोकले. कोरडं ठक्क. मी आपली मनात खूश.

मॅडमनं चिठ्ठीवरचं आडनाव वाचलं. पोरांकडं वळली. "कुछ नहीं है. ये लोग ऐसे ही आ जाती हैं. घर में बहू से नहीं पटती होगी."

पोरं हसली. सून तर तेव्हा घरात आलीच नव्हती. पण मीही हसले. लुगडं सारखं करत, दात काढून. त्या हसण्याची मले आजही जास्त लाज वाटते.

रायपूर तेव्हा नव्या राज्याची नवीन राजधानी. तेलीबांध्याकडं रोज नवा रस्ता, आणि मी लुगड्यात जुन्या धोतराची घडी घालून फिरून राहिले. पाणी पिणं कमी केलं. मग एका पौर्णिमेला विहारात वंदनेला बसले, शिंक आली, चटई ओली झाली. शेजारची बाई पदर आवरून सरकली. विहार सुटला. नवरा गेल्यावर मले नावानं हाक मारणारं तेवढं एकच ठिकाण होतं.

दोन वर्षांनी पुन्हा गेले. या खेपेला दोन लोटे पाणी पिऊन. खोकले, टेबल भिजलं. भरती केलं. लघवीच्या नळीखाली जाळीची पट्टी घालायची, म्हणजे गळणार नाही, एवढंच नर्सनं सांगितलं.

सकाळी मॅडम माझ्या खाटेशी उभी राहून एका शिकाऊ पोट्टीला विचारत होती. मी मध्ये, गाठोड्यासारखी.

"पेट वाली पट्टी और जांघ वाली पट्टी, फर्क बताओ."

"पेट वाली में सुई हड्डी के पीछे से जाती है. पेशाब की थैली में छेद हो सकता है, पेशाब अटक सकता है. जांघ वाली में वो कम, पर जांघ में दर्द रह सकता है."

"और फायदा?"

"करीब-करीब बराबर, मैडम."

"इनका जांघ से. साइन ले लो."

कागद पुढं आला. माझा मुलगा भनपुरीहून कामावरची सुट्टी काढून आलेला. "आई, कर दो ना. डॉक्टर हैं वो."

पेन बाजूला ठेवला. म्हटलं, "मॅडम, मेरे को फिर विहार में घंटा-घंटा पालथी मारके बैठना है. जांघ दुखी तो बैठूंगी कैसे? मेरा पेट से करो."

"अब आप बताएंगी हमको?"

"बैठना तो मेरे को है."

या वेळी कोणी हसलं नाही. मीही नाही. "देखते हैं," म्हणून मॅडम निघून गेली, मागं सगळी पोरं. मुलगाही त्यांच्या मागं माफी मागत. आता करतील, का घरी पाठवतील, माझ्या हातात काही नव्हतं. पाठवलं तर ओल्या घडीनिशी जाईन. पण माझ्याशी बोलल्याशिवाय माझी सही कोणाला मिळणार नाही. कागद कोराच ठेवला.

शेजारच्या खाटेवर अभनपुरची एक बाई होती. तिलाही तेच ऑपरेशन. निळा अंगठा पदराला पुसत ती म्हणाली,

"दीदी, मेरा भी पूछ दो ना. मेरा अंगूठा तो ले लिया, बताया कुछ नहीं."