वरल्या गल्लीचा वॉल

गावाचं पाणी माझा नवरा सोडायचा. पंचायतीचा पाणीवाला. सकाळी टेकाडावरून उतरून घरात शिरला, गल्लोगल्लीच्या पाइपांचे वॉल फिरवायची लांब लोखंडी चावी दाराआड उभी केली, की मी चुलीपासूनच विचारायची, "चढनं का?" तो म्हणायचा, "चढनं." आमच्यात रोज न चुकता झालेलं गोड बोलणं तेवढंच. बाकी दिवसभर तू तू मैं मैं.

पाणी वर चढलं का, हे विचारायचं कारण वरली गल्ली. आमची टाकी गावामागच्या टेकाडावर, आणि वरली गल्ली त्याच टेकाडाच्या अंगाला वसलेली. म्हणजे तिथले नळ टाकीच्या पोटापेक्षा थोडेसेच खाली. लग्न होऊन आले तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, "गाव खाली, विहीर खाली, नदीही खाली, मग टाकी तेवढी डोंगरावर कशाला? हौस आहे का?" त्याने गवंड्याची लेव्हलची नळी आणली, तीच ती पारदर्शक, त्यात पाणी भरलं. एक टोक माझ्या हातात, एक त्याच्या हातात. मी टोक वर धरलं, खाली धरलं, दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीला येऊन थांबायचं. "पाणीले घाई नही, उंची लागस," तो म्हणाला. टाकीत पाणी जेवढ्या उंचीवर उभं, तेवढंच ते नळातून वर जाणार. एकदा मोटरीने चढवलं की झालं. मग लाईट गेली तरी ते आपल्या वजनाने उतरतं, घरोघर जातं. आमच्याकडे लाईटचा भरवसा जावयापेक्षा कमी, म्हणून टेकाड.

पण जो उंचीने खाली, त्याची चैन. खालच्या गल्ल्यांचे नळ उघडले की पाणी तिकडेच धावतं. म्हणून टाकी काठोकाठ भरलेली असताना आधी वरल्या गल्लीचा वॉल, तोही एकटा. बाकी चार बंद. तासाभराने तो बंद करायचा आणि मग खालचे उघडायचे. लोक म्हणायचे, वरल्या गल्लीने याला काय खाऊ घातलंय कोण जाणे! तो ऐकून घ्यायचा. त्याची कंबर धरली होती त्या उन्हाळ्यात तीन महिने हे काम मी केलं, गुपचूप, उजाडता उजाडता. त्यामुळे वॉलचा हा क्रम त्याच्यानंतर फक्त मला ठाऊक.

तो गेला त्या सकाळीही "चढनं" म्हणाला. भिंतीला टेकून बसला, चहा मागितला. मी कप घेऊन वळले तर मान कलली होती. मागे दूध उतू जात होतं. मी आधी वळून दूध खाली उतरवलं, चुलीचा ओटा पुसला. सांगायला लाज वाटते, पण पुसला. मग ओरडले.

त्याला शेवटची अंघोळ घातली ती नळाच्याच पाण्याने. लाईट गेलेली होती. पाणी त्यानेच सकाळी वर चढवलेलं. हे मला तेव्हाच कळत होतं आणि त्याचं काहीच वाटत नव्हतं. बायका गळ्यात पडून रडत होत्या, मी कुणाची बांगडी रुततेय ते बघत होते. नवापूरची नणंद म्हणाली, "रडी घे वो बाई, मोकळी व्हई जाशी." मला रडूच येईना. आतून सगळं बधिर, दात काढल्यावर गाल होतो तसं.

दुसऱ्या दिवशी पंचायतीच्या शिपायाने पाणी सोडलं. पाचही वॉल एकदम. सगळ्यांना सारखं, असा त्याचा न्याय. वरल्या गल्लीत थेंब नाही. मी दिराकडून निरोप धाडला, आधी वरचा एकटा सोड. उत्तर आलं, "वहिनींना म्हणावं, घरात बसा, सुतक आहे." बरोबरच होतं. सुतकाच्या घरचं पाणी कुणी पीत नाही, आणि मी गावाच्या पाण्याला हात लावायचा? नणंदेने तर दाराआडची चावी शिवायचीही नाही म्हणून बजावलं. मी बसले. बसायला काय लागतं?

तिसऱ्या दिवशी राख घेऊन पुरुष तापीकाठच्या प्रकाशा तीर्थाला गेले. घरात आम्ही बायकाच. वरल्या गल्लीची एक म्हातारी आली. तिच्या घरी आठ दिवसांची बाळंतीण नात होती, हे गावाला ठाऊक होतं. रिकामा हंडा तिने अंगणाबाहेरच ठेवला, दुःखाच्या घरी रिकामं भांडं आणू नये म्हणून. आत येऊन टेकली, माझा हात धरला आणि रडली नाही. म्हणाली, "बाळंतीणना कपडा धुवाले पाणी नही. तू चाल."

नणंद उसळली, "अहो, सुतक शे!"

"सुतक लागी ते आम्हले लागी," म्हातारी म्हणाली. "तू चाल, बाई."

मी उठले. मोठं धैर्य वगैरे काही नव्हतं. कुणी काही करायला सांगितलं याचंच बरं वाटलं. चावी उचलली. मुठीला त्याने माझ्या जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, घामाने काळी पडलेली. नणंद दारात आडवी आली आणि मग बाजूला झाली.

टेकाडावर शिपाई टाकीखाली बिडी ओढत होता. टाकी भरलेली होती, पाचही वॉल त्याने अजून उघडायचे होते. म्हणाला, "वहिनी, गाव काय म्हणेल?" मी म्हटलं, "गावाला म्हणावं, पाणी बाटलं. पिऊ नका." त्याने बिडी विझवली. मी वरचा वॉल हळू फिरवला आणि पाइपावर तळहात ठेवून बसले. आधी नुसती हवा फुसफुसली. मग पाइप गार झाला. वरल्या गल्लीतून बायकांचा गलका ऐकू आला, हंड्यांचा आवाज आला. तासभर मी तिथेच बसले. मग तो बंद केला, खालचे उघडले. पाणी कुणीच टाकून दिलं नाही. पुढे पंचायतीने ते काम माझ्याच गळ्यात घातलं.

घरी आले तेव्हा नणंदेने बाहेरच अंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं. मी आधी आत गेले. चावी दाराआड उभी केली. तिथेच उभी राहिले. चुलीपाशी बायका बसल्या होत्या, माझ्याकडे बघत होत्या. कुणी काही विचारलं नाही. त्यांना काय ठाऊक, इथे काय विचारायचं असतं ते.

"चढनं," मी म्हटलं.

आणि मग मला रडू आलं.